कोचनी परत पाठवलेली मुलं

परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाची सहल ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनारी गेली की जेवणानंतर कुणीतरी कोचचा विषय काढतंच. मग एकामागून एक किस्से निघतात. पुण्या-मुंबईची एरवी गंभीर असणारी मॅनेजर मंडळी त्यांच्या कोल्हापुरी बोलीची नक्कल करतात आणि हसून हसून आडवी होतात. "काय वल्ली होता राव!" असं म्हणतात. मी तेवढ्यात कागदी ताटल्या गोळा करायला उठते. मला हसू येत नाही. मला राग येतो. तीन वर्षं होऊन गेली, तरी येतो.

हे गृहस्थ आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचे कोच होते आणि विद्यार्थी विभागात खेळांची फाईल माझ्याकडे होती. म्हणजे टीम हरली की वर जाऊन उत्तर मी द्यायचं. आणि टीम हरायचीच. माझ्या पाच वर्षांत आम्ही कॉलेजांच्या लीगमध्ये एक मॅच जिंकलो, तीही समोरच्या टीमची बस एक्स्प्रेस-वेवर अडकली आणि ते सात जणांनिशी खेळले म्हणून.

कोच मूळचे कोल्हापूरचे. तिथे पेठापेठांच्या फुटबॉल टीम असतात आणि मॅचच्या दिवशी माणसं दुकानाचं शटर ओढून मैदानावर जातात, हे मला, पुण्यात वाढलेल्या बाईला, त्यांच्याकडूनच कळलं. तरुणपणी ते डाव्या बगलेला, लेफ्ट विंगला, खेळायचे. पुढे गुडघा गेला, लग्न झालं, आणि ते फिटर म्हणून इथे, तुआसच्या एका शिपयार्डात आले. तिथे दर रविवारी कामगारांच्या टीम जमवून मॅचेस लावायचे. त्यातून कोचिंगच्या परीक्षा दिल्या, पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, घेतला आणि साठीच्या आसपास आमच्या कॉलेजात आले. पँट मोज्यात खोचलेली, काखेत लांब दांड्याची छत्री, गळ्यात शिट्टी. शिट्टी वाजवताना मात्र मी त्यांना कधी पाहिलं नाही. ते टाळी वाजवायचे. टाळी अशी कडकडीत, की मैदानापलीकडच्या राहत्या ब्लॉकमधल्या बायका खिडकीत यायच्या.

त्यांच्या बॅगेत कांदा-लसूण चटणीची बाटली असायची. हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, चिकन राइस घेतला की त्यावर दोन चमचे चटणी पसरायची आणि मग काउंटरवरच्या म्हाताऱ्या चिनी अंकलला मोठ्याने सांगायचं, "व्हेरी गुड राइस, अंकल! बट नो टेस्ट!" असं रोज चालायचं. आणि तो अंकल काय करायचा? त्यांच्या ताटात काकडीचे चार काप जास्त घालायचा. माझा जळफळाट व्हायचा तो इथे. हे दुसरं कुणी म्हणालं असतं तर त्याला उद्धट म्हटलं असतं. कोच म्हणाले की ते निर्मळ.

खरं बोलायचं, तेही आधी बोलायचं आणि कुणी विचारलेलं नसताना बोलायचं, हे त्यांचं व्रत होतं. घरचा फ्रिज विकायला काढला तर घ्यायला आलेल्याला दार उघडण्याआधीच सांगितलं, "घेऊ नका, रात्रीचा लई आवाज करतोय." त्यांच्या मुलीला सांगून आलेलं स्थळ घरी बसलं होतं, पोह्यांच्या बश्या हातात होत्या. हे म्हणाले, "पोरगी हुशार हाय. पर रागीट हाय, आणि सकाळी नवाच्या आत उठत न्हाई. मागनं म्हणू नका सांगितलं न्हाई." ते लोक जे गेले ते परत फिरकले नाहीत. ही गोष्ट मंडळात सगळ्यात जास्त सांगितली जाते. काकू, म्हणजे कोचच्या पत्नी, स्वतःसुद्धा सांगतात आणि हसतात. मी एकदा त्या मुलीलाच विचारलं, की तुला काय वाटलं होतं तेव्हा? ती म्हणाली, "मला तो मुलगा आवडला होता." एवढंच म्हणाली आणि विषय बदलला. हे मंडळात कुणाला माहीत नाही. कुणी विचारलेलंच नाही.

आता मुद्द्याकडे येते. आमच्या कॉलेजात दर वर्षी फुटबॉलसाठी तीन जागा राखीव असत. मार्क थोडे कमी असले, तरी खेळाच्या जोरावर मुलाला त्या जागेवर प्रवेश मिळे. फॉर्मवर कोचची सही, मुलाची सही, ठरलेल्या शुक्रवारी पाच वाजायच्या आत फॉर्म माझ्या टेबलावर, की झालं. इतर कॉलेजांचे कोच या दिवसांत शाळांच्या मॅचेसना ठाण मांडून बसत. रंगीत पत्रकं वाटत, आईवडिलांना कँपस फिरवून आणत. आमचे कोचही प्रत्येक मॅचला जात, उन्हात छत्री उघडून उभे राहत, आणि चांगला मुलगा त्यांच्या नजरेतून कधी सुटत नसे. नजर पक्की होती, ते मला मान्य करावंच लागेल. पुढचं सगळं मात्र त्यांच्या व्रताप्रमाणे व्हायचं.

एकदा ओपन हाउसला, म्हणजे नवी मुलं पालकांबरोबर कॉलेज बघायला येतात त्या दिवशी, मी त्यांच्या शेजारच्याच टेबलावर होते. एक तमिळ गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलगा शाळेच्या टीमचा कॅप्टन होता, पोरगा कसला, चित्ता होता. वडिलांनी विचारलं, तुमचं ग्राउंड कसं आहे? कोच म्हणाले, "वन साइड ओके. अदर साइड वॉटर." वडील हसले. त्यांना वाटलं गंमत आहे. कोच पुढे सांगतच गेले: आमच्याकडे फिजिओ नाही, बाकीची मुलं कच्ची आहेत, मी जुन्या पद्धतीचा आहे, नवं काही मला येत नाही. मग हातातल्या छत्रीने त्यांनी रस्त्यापलीकडची दिशा दाखवली. "दॅट कॉलेज बेटर."

आमच्या ओपन हाउसला! आमच्या टेबलावर बसून!

त्या बापाने उभं राहून दोन्ही हातांनी त्यांचा हात हातात घेतला आणि आभार मानले. मुलगा अर्थातच तिकडे गेला. पुढच्या वर्षी त्याने आम्हाला चार गोल मारले आणि मॅच संपल्यावर धावत येऊन कोचच्या पाया पडला. सगळे टाळ्या वाजवत होते. मी स्कोअरशीटवर सही करत होते.

आणि त्या तीन जागांवर ते आणायचे कुणाला? एका वर्षी दम्याचा मुलगा. एका वर्षी, मैदानाबाहेर गेलेले चेंडू परत आणून देणारा एक लाजाळू मुलगा, ज्याने स्वतः कधी मॅच खेळली नव्हती. एकदा तर टेबल टेनिसवाला. मी डोक्याला हात लावला की म्हणायचे, "म्याडम, ह्येला दुसरं कोण घेणार, सांगा की?"  मुलं गरीब होती, गुणी होती, नेमाने प्रॅक्टिसला यायची, आणि शनिवारी सहा-शून्यने हरायची. वरून मला फोन यायचा. आमचे उपप्राचार्य हसत म्हणायचे, "युअर कोच इज अ कॅरेक्टर, हं!" त्यांनाही मजाच वाटत होती. ती टीम जिंकावी असं कॉलेजात कुणालाच मनापासून वाटत नव्हतं. हरणारी टीम आणि विनोदी कोच, असं छान चाललं होतं सगळ्यांचं.

मग हकीम आला.

तो बून लेच्या एका शाळेकडून खेळायचा. त्याची आई शाळेच्या कँटीनमध्ये स्टॉल सांभाळायची, वडील नव्हते. एका मॅचला मीही गेले होते. मला फुटबॉलमधलं फार कळत नाही, पण त्या मुलाच्या पायाला चेंडू लागला की आजूबाजूचे लोक बोलायचे थांबत, एवढं मला दिसलं. मी त्याचे मार्क मागवले. साध्या प्रवेशाला ते चांगलेच कमी पडत होते. म्हणजे आमच्यासारख्या कॉलेजात यायचं तर त्याला एकच दार होतं, फुटबॉलची जागा. त्या वर्षी दोन जागा कोचनी नेहमीसारख्या भरल्या होत्या. तिसरी उरली होती.

मी कोचना माझ्या टेबलाशी बोलावलं आणि फॉर्म स्वतः भरून त्यांच्या हातात दिला.

"कोच, या वेळी काही बोलायचं नाही. ग्राउंड नाही, फिजिओ नाही, काही नाही. फक्त सही घ्यायची आणि यायचं."

"व्हय म्याडम."

"वचन द्या मला."

"दिलं की."

गुरुवारी दुपारी ते हकीमच्या ब्लॉकखाली जाऊन त्याला आणि त्याच्या आईला भेटले. शुक्रवारी दुपारपर्यंत फॉर्म आला नाही. फोन उचलेनात. तीन वाजता मी मैदानावर गेले. ते कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ मुलांना पळवत होते.

"फॉर्म कुठाय?"

त्यांनी बॅगेतून काढून दिला. मी भरला होता तसाच होता. सह्यांच्या दोन्ही जागा कोऱ्या.

"त्याच्या आईला सांगितलं मी," ते म्हणाले, "तुमचा पोरगा आमच्या कॉलेजापेक्षा मोठा हाय. हितं आला तर वाया जाईल. पलीकडच्या कॉलेजात न्या. तिथल्या कोचला मी फोन बी केलाय. मंगळवारी ट्रायल हाय, पाठवा म्हणाला."

"आणि तिथे नाही घेतलं तर?"

"असं कसं न्हाई घेणार? पोरगं बघितलंय का तुम्ही?"

"कोच, तिथे तीस मुलं येतात. त्याला दुसरीकडे कुठेही प्रवेश मिळत नाही. आपल्याकडची जागा नक्की होती. नक्की!"

"मग काय खोटं बोलू का त्याच्या आईसमोर?"

त्या वाक्याने माझा तोल गेला. बारा-पंधरा मुलं, त्यातली निम्मी चिनी, निम्मी मलय आणि तमिळ, थांबून बघत होती, आणि मी भर मैदानात मराठीत ओरडत होते.

"तुम्हाला खोटं बोलायला कुणी सांगितलं होतं? गप्प बसायला सांगितलं होतं! तुम्ही खरं बोलता म्हणून नाही मुलं परत पाठवत, तुम्ही घाबरता! चांगला मुलगा टीममध्ये आला आणि तरी हरलात, तर दोष कुणाचा, हे सगळ्यांना दिसेल. म्हणून दम्याची मुलं गोळा करता. हरलात तरी लोक म्हणणार, बिचाऱ्यांकडे टीमच कुठाय!"

 कोचनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. मुलांकडे वळून टाळी वाजवायला हात उचलले, पण वाजवली नाही.

मी ऑफिसात परत आले. इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. मुदत वाढवून घेता येत होती. त्याच वर्षी बॅडमिंटनच्या कोचसाठी मी एक मेल लिहून आठवडाभर वाढवून घेतली होती. हकीमची ट्रायल मंगळवारी, म्हणजे चार दिवसांनी होती. तिथे नाही जमलं तर आपली जागा आहे, एवढी सोय मी करू शकत होते. पण मी इतकी संतापले होते, की हे एकदा कागदावर येऊ दे असं मला वाटलं. तिसऱ्या जागेपुढे मी लिहिलं, "प्रशिक्षकांनी उमेदवार आणला नाही." पाचला दहा कमी असताना यादी पाठवून दिली.

मंगळवारी पलीकडच्या कॉलेजाने हकीमला घेतलं नाही. त्यांना त्या वर्षी उंच मिडफिल्डर हवे होते. मुलगा छान आहे, म्हणाले, पण आमची गरज वेगळी आहे.

बुधवारी सकाळी कोच माझ्यासमोर उभे होते. दाढी केलेली नव्हती. "म्याडम, जागा हाय का अजून?"

मी अर्ज लिहून दिला. अगदी मनापासून लिहिला. आम्ही दोघं उपप्राचार्यांकडे गेलो. त्यांनी तो वाचला, डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि नियम सांगितला. मुदत गेली. आता उघडलं तर सगळ्यांसाठी उघडावं लागेल. मी म्हटलं, सर, जागा रिकामी आहे, ती दुसऱ्या कुणाला द्यायचीही नाही. ते म्हणाले, "देन इट विल बी एम्प्टी." तोच माणूस, ज्याला आमच्या सहा-शून्यची पाच वर्षं गंमत वाटत होती! नियमाची आठवण त्याला त्या दिवशी झाली.

कोच तीन दिवस त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिले. सकाळी नवापासून, छत्री मांडीवर आडवी.  येणारे-जाणारे बघायचे, काहींनी फोटोसुद्धा काढले. "कोच, व्हॉट्स द जोक टुडे?" असं एकाने विचारलं. चौथ्या दिवशी सिक्युरिटीवाल्याने त्यांना अदबीने उठवलं. टर्म संपताना पत्र आलं: करार पुढे वाढवण्यात येणार नाही. कारण दिलं होतं, नवे खेळाडू आणण्यातली असमाधानकारक कामगिरी. त्याला आधार म्हणून एक ओळ उतरवून घेतली होती. ती माझी होती. "प्रशिक्षकांनी उमेदवार आणला नाही." पाच वर्षं ज्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं, ते बाकावर बसल्यावर तीन दिवसांत असमाधानकारक झालं.

चेंडूंच्या खोलीची किल्ली परत द्यायला ते आले, तेव्हा मी खुर्चीतून उठले नाही.

"हकीमच्या घरी गेलतो," ते म्हणाले. "माफी मागायला. आईनं चहा दिला. पोरगं काय खोलीतनं बाहेर आलं न्हाई. बरोबर हाय त्याचं."

मी ड्रॉवर उघडून किल्ल्यांची वही काढली.

"आणि मैदानावर तुम्ही बोललात ना म्याडम, ते खरं हाय. घाबरत होतो मी."

किल्ली टेबलावर ठेवून ते गेले. एवढं सरळ कबूल करून मोकळे झाले! मला त्याचाही राग आला. महिन्याभरात काकूंना घेऊन कोल्हापूरला गेले. मंडळाने निरोपाचं जेवण ठेवलं होतं. मी गेले नाही. फ्रिजचा आणि पोह्यांचा किस्सा पुन्हा झाला म्हणे.

परवा, रविवारी संध्याकाळी, मी बून ले स्टेशनवर ट्रेनची वाट बघत होते. आर्मीच्या गणवेशातला एक मुलगा समोर येऊन उभा राहिला. पाठीवर हिरवी बॅग, डोक्याचे केस अगदी बारीक. "मॅम, रिमेंबर मी?" मी ओळखलं, हकीम. शाळेनंतर त्याने एक छोटा कोर्स केला, काही दिवस तुआसला गोदामात काम केलं, आता नॅशनल सर्व्हिस, म्हणजे सक्तीची लष्करी सेवा, चालू होती. सुट्टी संपवून कॅम्पात परत निघाला होता.

"खेळतोस का?" मी विचारलं.

"कधीतरी. कॅम्पात."

मग माझ्याने राहवेना. म्हटलं, तुला कोचचा राग येत नाही?

तो गोंधळला. "राग का येईल? अंकल माझ्या आईला म्हणाले, तुमचा मुलगा आमच्या कॉलेजपेक्षा मोठा आहे. माझ्याबद्दल असं कुणी आधी बोललं नव्हतं, मॅम. आई अजून सगळ्यांना सांगते." आणि खांदे उडवून म्हणाला, "इट्स ओके लाह. माझी जागा दुसऱ्या चांगल्या प्लेयरला मिळाली असेल, राइट?"

हो म्हणता आलं असतं. तो तेवढ्यासाठीच थांबला होता.

"नाही," मी म्हणाले. "कुणालाच मिळाली नाही. वर्षभर रिकामी राहिली."

"होल इयर?"

"हो."

त्याने बॅग खाली ठेवली. मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा, पण त्या क्षणी तो ब्लॉकखाली आईशेजारी बसलेल्या शाळकरी मुलासारखा दिसला. "मग मला का नाही दिली?"

मी सगळं सांगितलं. उपप्राचार्य, नियम, तीन दिवसांचं बाकावर बसणं. ते सांगून झाल्यावर त्या शुक्रवारचंही सांगितलं, की चार दिवस मागून घेता येत होते आणि मी मागितले नाहीत, कारण मी कोचवर चिडले होते.

ट्रेन आली. दारं उघडली, माणसं उतरायला लागली. त्याने बॅग उचलून खांद्याला लावली.

"कोच अंकल सॉरी म्हणायला घरी आले होते," तो म्हणाला. "मी बाहेर गेलो नाही."

 तो वळून आत चढला आणि पलीकडच्या दाराकडे तोंड करून उभा राहिला. मलाही त्याच ट्रेनने जायचं होतं. मी चढले नाही.